दीड टनाची शेव्हर्ले आणि वाळूचा समुद्र

मी ओमानमध्ये राहतो आणि सुट्टीत पिकअप घेऊन वाळूत जातो हे कळले की भारतातल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गाडी फोर-बाय-फोर असेल ना?" असते हो. इथे सगळ्यांचीच असते. पण या प्रश्नामागे एक समजूत आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की वाळवंट जिंकले, अशी. या समजुतीची एकदा अगदी कसून परीक्षा झाली होती. ती घेणारे कोणी हौशी लोक नव्हते. १९४१ साली लिबियाच्या वाळवंटात, शत्रूच्या पाठीमागे शेकडो मैल आत, जिथे गाडी मोडली तर माणूस तहानेने मरतो अशा ठिकाणी ती परीक्षा झाली. निकाल असा लागला की चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या बाजूला काढल्या गेल्या आणि त्यांच्या जागी फक्त मागच्या चाकांवर चालणारे ट्रक खास कॅनडाहून मागवले गेले.

हे कसे झाले ते सांगण्यासाठी हा लेख. यात थोडे गॅरेजचे बोलणे येईल, पण ज्यांनी कधी घाटात बंद पडलेली एसटी पाहिली आहे त्यांना ते जड जाऊ नये.

आधी अडचण काय ते बघू. रिकामी पिकअप वाळूत नेणे ही काही फार मोठी गोष्ट नाही. टायरमधली हवा ३५ वरून १५ पीएसआयवर आणली की टायर खाली पसरतो, वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि गाडी वाळूवरून तरंगल्यासारखी जाते. इथे वहिबाच्या वाळूच्या कडेला, बिदिया गावात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टायरमधली हवा काढणे आणि भरणे यावर दुकाने चालतात. खरी पंचाईत सुरू होते ती मुक्काम वाढला की. चार दिवसांचे पाणी, जादा पेट्रोल, दोन जादा टायर, हत्यारे, तंबू, खाणे. बघता बघता सहा-सातशे किलो होतात. आता पाटे (म्हणजे आपण ज्याला लीफ स्प्रिंग म्हणतो ते) बसतात, गाडीचा मागचा भाग खाली जातो, खड्ड्यात अ‍ॅक्सल चासीवर आपटतो. पाटे वाढवले तर त्यांचेही वजन वाढते. मोठे टायर घातले तर चाकाचा घेर वाढतो, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने गिअर 'उंच' होतो, आणि मऊ वाळूत पहिल्या गिअरमध्येही क्लच जळायचा वास येतो. मग डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन बदलून गुणोत्तर खाली आणायचे. तेवढे केले की पेट्रोल जास्त लागते. म्हणजे आणखी पेट्रोल न्या. म्हणजे आणखी वजन. मारुतीच्या शेपटासारखे हे प्रकरण आहे, संपतच नाही.

हे शेपूट पहिल्यांदा नीट मोजले ते राल्फ बॅग्नॉल्ड नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरने. तरी सुरुवात त्याच्याही आधीची आहे.

पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या पश्चिम सरहद्दीवर सनुसी टोळ्यांचा त्रास होता. त्या भागात गस्त घालायला १९१६ पासून ब्रिटिशांनी 'लाइट कार पेट्रोल' नावाच्या तुकड्या उभ्या केल्या. गाडी होती फोर्ड मॉडेल टी. या गाडीला पाण्याचा पंप नसे. गरम पाणी वर चढते आणि थंड खाली उतरते एवढ्याच तत्त्वावर रेडिएटर चाले. त्यात वाळवंटात वारा पाठीमागून आला तर गाडी आणि वारा एकाच वेगाने जातात, रेडिएटरला हवा लागतच नाही, आणि पाणी उकळून वाफ होऊन निघून जाते. प्यायचे पाणी कुणाला द्यायचे, माणसाला की गाडीला, हा प्रश्न रोजचा होता. या तुकड्यांतला न्यूझीलंडचा अधिकारी क्लॉड विल्यम्स आणि भूशास्त्रज्ञ जॉन बॉल यांच्या काळात त्यावर एक साधा इलाज निघाला. रेडिएटरचे तोंड घट्ट बंद करायचे, वाफेची नळी गाडीच्या बाजूला बांधलेल्या, अर्ध्या पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून सोडायची. वाफ डब्यातल्या गार पाण्यात शिरून पुन्हा पाणी होते. डबाही उकळायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. इंजिन थंड झाले की रेडिएटरमध्ये निर्वात तयार होतो आणि डब्यातले पाणी गुडगुड करत आपोआप परत खेचले जाते. एक थेंब वाया नाही.

आज आपल्या कुठल्याही मारुती-ह्युंदाईत बॉनेटखाली जी पांढरी प्लास्टिकची पाण्याची टाकी दिसते ती याच कल्पनेची भावंड आहे. पुढच्या वेळी बॉनेट उघडाल तेव्हा बघा.

बॅग्नॉल्ड १९२६ साली कैरोला आला. तीस वर्षांचा, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत राहून आलेला, मग केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकलेला. (त्याची बहीण एनिड बॅग्नॉल्ड ही लेखिका. 'नॅशनल व्हेल्व्हेट' ही घोड्यांच्या शर्यतीची कादंबरी तिची.) कैरोच्या ब्रिटिश छावणीत संध्याकाळी पोलो आणि क्लब हा कार्यक्रम असे. बॅग्नॉल्ड आणि त्याचे काही मित्र मात्र पदरचे पैसे घालून जुन्या फोर्ड घेऊन वाळवंटात जायचे. आधी मॉडेल टी, नंतर मॉडेल ए. पुढे त्याची हिंदुस्तानातही नेमणूक झाली, पण सुट्ट्या साठवून तो पुन्हा लिबियन वाळवंटाकडेच वळे. १९३० साली त्याने 'ग्रेट सँड सी' गाड्यांनी ओलांडला. नावाप्रमाणेच हा समुद्र आहे. उत्तर-दक्षिण सुमारे साडेसहाशे किलोमीटर पसरलेल्या, एकापाठोपाठ एक टेकड्यांच्या रांगा. तोवर जाणकारांचे मत असे होते की या टेकड्या गाडीने चढणे शक्य नाही.

शक्य कसे झाले? दोन गोष्टींनी. पहिली निरीक्षणाची. बॅग्नॉल्डच्या लक्षात आले की वाऱ्याकडची बाजू कण-कण बसून घट्ट झालेली असते आणि पलीकडची उताराची बाजू सैल. घट्ट बाजूवर पूर्ण वेगाने, सरळ, न डगमगता गाडी घातली तर ती चढून जाते. घाबरून मध्येच वेग कमी केला की रुतलीच. (कड्यावर पोचल्यावर मात्र लगेच थांबायचे, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नाही. हा नियम इथे आजही नवीन माणसाला सगळ्यात आधी शिकवतात.) दुसरी गोष्ट कैरोच्या भंगारवाल्याकडे मिळाली. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर म्हणून घालायला बनवलेल्या पोलादी पन्हाळी. गाडी रुतली की चाकाखालची वाळू हाताने उकरायची, पन्हाळ चाकापुढे सरकवायची, आणि चाकाला तेवढ्या चार-पाच फुटांचा पक्का रस्ता द्यायचा. गाडी पुढे गेली की पन्हाळ उचलून पळत पुन्हा पुढे न्यायची. आज बाजारात नारिंगी प्लास्टिकच्या ज्या 'रिकव्हरी ट्रॅक' पट्ट्या मिळतात आणि ज्या इथल्या प्रत्येक पिकअपच्या टपावर शोभेसाठी लावलेल्या असतात, त्यांची ही आजी.

बॅग्नॉल्ड नुसता भटक्या नव्हता. वाळू वाऱ्याने कशी उडते हे समजून घ्यायला त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात स्वतः पवन-बोगदा बांधून प्रयोग केले. त्यावरचे त्याचे पुस्तक १९४१ साली आले आणि आजही त्या विषयात ते मूळ ग्रंथ मानले जाते.

आता युद्धाकडे येऊ. १९३५ साली निवृत्त झालेल्या बॅग्नॉल्डला १९३९ साली पुन्हा बोलावले आणि केनियाला धाडले. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, जहाज दुरुस्तीला पोर्ट सैदला लागले, आणि हा गडी कैरोला पोचला. तिथल्या सेनापतीचे नाव वेव्हेल. (होय, तेच. पुढे हिंदुस्तानचे व्हाइसरॉय झालेले.) बॅग्नॉल्डने सुचवले की लहान, स्वयंपूर्ण मोटार-तुकड्या वाळूच्या समुद्रातून पलीकडे पाठवाव्यात, म्हणजे इटालियन सैन्याच्या पाठीमागे काय चालले आहे ते कळेल. त्याचा कागद वरिष्ठांनी आधी बाजूला ठेवला होता. १० जून १९४० ला इटलीने युद्ध पुकारले आणि तो कागद पुन्हा टेबलावर आला. वेव्हेलने परवानगी दिली. मुदत सहा आठवडे.

सहा आठवड्यांत गाड्या, माणसे, शस्त्रे, नकाशे, सगळे. सैन्याकडे वाळवंटात चालेल असा ट्रकच नव्हता. बॅग्नॉल्डच्या लोकांनी बाजारातला, माल वाहायचा, साधा ३० हंड्रेडवेटचा शेव्हर्ले डब्ल्यूबी निवडला. ३० हंड्रेडवेट म्हणजे आपला दीड टन. चौदा ट्रक अलेक्झांड्रियाच्या शेव्हर्ले कंपनीकडून मिळाले आणि एकोणीस इजिप्शियन सैन्याकडून मिनतवारीने. माणसे न्यूझीलंडची, बरीचशी शेतकरी घरातली. ती निवड उत्तम होती, कारण शेतावरच्या माणसाला मोडलेले यंत्र तारेने आणि खिळ्याने चालते ठेवायची सवय असते. ज्याने गावाकडे ट्रॅक्टर पाहिला आहे त्याला हे समजावायला नको.

मग या ट्रकांचे काय केले? इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण या यादीत काय आहे यापेक्षा ती कुठून सुरू होते हे महत्त्वाचे आहे. पहिले काम काढून टाकण्याचे होते. दारे काढली. केबिनचे छप्पर कापले. पुढची काच काढली. जे जे गाडी पुढे न्यायला मदत करत नाही ते ते उतरवले. तेव्हा कुठे भर घालण्याची पाळी आली. मोठा रेडिएटर आणि त्याला विल्यम्सच्या काळचा तो वाफेचा डबा. कमी हवेवर चालणारे रुंद टायर. प्रत्येक गाडीवर पोलादी पन्हाळी. सूर्याच्या सावलीवर चालणारे, बॅग्नॉल्डने स्वतः सुधारलेले होकायंत्र, कारण लोखंडी गाडीत चुंबकाची सुई भलतीकडेच तोंड करते. आणि पाटे.

पाट्यांबद्दल दोन शब्द. हौशी माणूस जाड पाटा मागतो. पण पाट्याची जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो आणि तेवढेच वाकताना पोलादावरचा ताण दुप्पट होतो. उलट त्याच जाडीचे पाटे दुप्पट घातले तर ताठरपणा फक्त दुप्पट होतो आणि प्रत्येक पाट्यावरचा ताण वाढत नाही. म्हणून जुना अनुभवी माणूस पातळ पाटे वाढवतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने उसळी कमी होते. लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांना (या तुकडीचे नाव पुढे तेच पडले) असेच जादा पाटे घातले होते. सोलापूर रोडला उसाच्या ट्रकांचे पाटे बांधून देणाऱ्या कुणालाही हे पाठ असेल, फक्त त्याने समीकरण लिहिलेले नसेल. याची किंमतही आहे. भरलेल्या गाडीला बसवलेले पाटे गाडी रिकामी झाली की दगडासारखे होतात. आणि वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. पन्हाळीच्या पत्र्यासारख्या लाटा असलेले दगडगोट्यांचे मैदान शेकडो मैल पसरलेले असते, तिथे प्रत्येक लाट एक ठोका मारते. इतके करूनही पाटे तुटत. बहुधा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, कारण तिथे पोलाद कमी आणि ताण जास्त. म्हणून सुटे पाटे, जॅक, लाकडी ठोकळे आणि वाळूत आडवे पडून अ‍ॅक्सल उतरवू शकेल असा फिटर, हे सामान बंदुकीइतकेच गरजेचे.

दीड टनाच्या ट्रकवर किती लादायचे? हिशेब असा होता की तुकडीने सुमारे ११०० मैल, म्हणजे १७७० किलोमीटर, कुठेही पेट्रोल न भरता जावे आणि तीन आठवडे कोणाकडे काही मागू नये. ट्रक त्याच्या नेमलेल्या वजनापेक्षा जास्तच भरला जाई.

गाडी गेली तर काय होते याचे उदाहरण लवकरच मिळाले. ३१ जानेवारी १९४१ रोजी जेबेल शेरीफ इथे एका तुकडीवर इटालियनांनी हल्ला केला. गोंधळात चार जण मागे राहिले. त्यांच्याजवळ दोन गॅलनचा एक पाण्याचा डबा. ते दक्षिणेकडे चालत निघाले. रोनाल्ड मूर नावाचा न्यूझीलंडर, पायाला जखम झालेली असताना, दहा दिवसांत सुमारे २१० मैल चालला तेव्हा फ्रेंच सैनिकांना सापडला. चौघांपैकी तिघे वाचले. गाडीचे वजन, पाटे, पेट्रोल यांची चर्चा करताना मला हे चौघे आठवतात.

आणि मग आला तो प्रयोग. वर्षभरात शेव्हर्ले झिजल्या. १९४१ मध्ये त्यांच्या जागी कॅनडात लष्करी नमुन्याने बनवलेले फोर्ड एफ-३० आले. कागदावर सगळे उत्तम. व्ही-८ इंजिन, चारही चाकांना ताकद, लष्करासाठीच बांधलेली मजबूत चासी. कुठलाही खरेदी अधिकारी डोळे मिटून सही करील. पण चार चाकांना ताकद द्यायची म्हणजे पुढे दुसरे डिफरन्शियल, ताकद वाटणारी आणखी एक गिअरपेटी, आणखी एक शाफ्ट, चाकांजवळ जादा जोड. हे सगळे लोखंड आहे. ते चोवीस तास वाहून न्यायचे, आणि उपयोग मात्र जेव्हा चाक रुतते तेव्हाच. रुतण्याचे कारण पुष्कळदा वजन हेच असते, ते तर आपण वाढवून ठेवलेले! शिवाय इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये. लिबियाच्या उन्हात पायाजवळ आणखी एक भट्टी.

पण घात केला तो पेट्रोलने. हिशेब मांडून बघू. आकडे माझे आहेत, फक्त प्रमाण कळावे म्हणून. समजा हलकी गाडी लिटरला ४ किलोमीटर देते. १७७० किलोमीटरला साधारण ४४० लिटर, वजन सव्वातीनशे किलो. जड गाडीने लिटरला २ किलोमीटरच दिले तर ८८५ लिटर, साडेसहाशे किलो. म्हणजे दीड टनाच्या ट्रकमधले सव्वातीनशे किलो नुसत्या भुकेपोटी गेले. पाचवा हिस्सा. तेवढ्यात किती पाणी, किती काडतुसे, किती सुटे पाटे आले असते बघा. त्यातून ब्रिटिशांचे पेट्रोलचे डबे चार गॅलनचे, पातळ पत्र्याचे. खडबडीत रस्त्यावर लाकडी खोक्यात घासून ते गळत. आपल्याकडे मिळायचे तसे गोडेतेलाचे पत्र्याचे डबे डोळ्यापुढे आणा. जर्मनांचा वीस लिटरचा पक्का डबा, ज्याला इंग्रज 'जेरीकॅन' म्हणू लागले, हाती लागला की सगळे तो जपून ठेवत, आणि पुढे इंग्रजांनी त्याची सरळ नक्कल केली. युद्धातल्या माझ्या आवडत्या शोधांत मी रडारच्या खालोखाल जेरीकॅनला जागा देईन.

बॅग्नॉल्डनंतर ऑगस्ट १९४१ पासून तुकडीची सूत्रे गाय प्रेन्डरगास्टकडे होती. तोही जुन्या वाळवंटी फिरस्त्यांपैकीच. फोर्ड तुकडीला नकोसे झाले होते, आणि नव्या गाड्यांची मागणी गेली ती दोनशे शेव्हर्ले १५३३ एक्स-२ ट्रकांची. पुन्हा दीड टनाचा, पुन्हा फक्त मागच्या चाकांवर चालणारा. मार्च १९४२ पासून ते हळूहळू हाती आले. लढाईतला अनुभव घेऊन, ज्यांना स्वतः त्या गाडीत बसायचे आहे अशा लोकांनी, जास्त गुंतागुंतीचे यंत्र नाकारून साधे यंत्र मागून घेतले. माझ्या व्यवसायात असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा वापरणारा एक असतो आणि निवडणारा दुसराच.

या ट्रकांनी काय केले? १९४२ च्या मार्चपासून जुलैपर्यंत तुकडीची माणसे त्रिपोली-बेनगाझी रस्त्याच्या कडेला, रस्त्यापासून काही शे यार्डांवर, दिवस दिवस पालथी पडून रोमेलच्या प्रत्येक गाडीची नोंद करत होती. त्यांना तिथे पोचवणे, पाळी बदलणे, परत आणणे हे सगळे शेकडो मैल आतून. सप्टेंबर १९४२ मध्ये बार्सेच्या विमानतळावर छापा घातला, त्यासाठी आधी ११५५ मैल प्रवास केला. छापा यशस्वी झाला, पण परतताना विमानांनी गाठून बहुतेक गाड्या जाळल्या. एसएएसच्या छापेमार सैनिकांना नेण्या-आणण्याचे कामही इतके केले की त्यांचे नावच 'टॅक्सी सर्व्हिस' पडले. जानेवारी १९४३ मध्ये निक वाइल्डर या अधिकाऱ्याच्या गस्तीने ट्युनिशियातल्या मतमाता डोंगरांतून ट्रक जातील अशी खिंड शोधली. मार्चमध्ये न्यूझीलंडचे सैन्य त्या बाजूने वळसा घालून मारेथच्या तटबंदीच्या मागे उतरले.

यात आपली माणसेही होती, आणि त्यांचा उल्लेख फारसा कोणी करत नाही म्हणून मी करतो. १९४१ च्या अखेरीस इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन उभी राहिली. माणसे सेकंड लान्सर्स, इलेव्हन्थ कॅव्हलरी आणि एटीन्थ कॅव्हलरी या घोडदळाच्या पलटणींतली. गस्तीच्या तुकड्या जाट, राजपूत, पंजाबी मुसलमान आणि शीख अशा. ऑक्टोबर १९४२ पासून ती लाँग रेंज डेझर्ट ग्रुपला जोडली गेली. या पलटणींची भरती उत्तरेकडची. आपले मराठे त्या काळात आफ्रिकेत दुसऱ्या बाजूला, इरिट्रियात केरनच्या डोंगरावर लढून आले होते. पण हरियाणा-पंजाबच्या खेड्यातला घोडेस्वार, ज्याचा घोडा जाऊन काही वर्षेच झालेली, तो सूर्याची सावली बघत वाळूच्या समुद्रात ट्रक हाकतो आहे, हे चित्र मला तरी कुठल्याही सिनेमात दिसलेले नाही.

सिनेमावरून आठवले. 'द इंग्लिश पेशंट' मधला काउंट अल्माशी हा खरा माणूस. हंगेरियन, बॅग्नॉल्डच्याच काळातला वाळवंटी फिरस्ता. सिनेमातली प्रेमकथा सोडून द्या. खऱ्या अल्माशीने १९४२ साली जर्मनांसाठी दोन हेर लिबियातून वाळवंट पार करून नाईलकाठच्या असियुतपर्यंत पोचवले, आणि तेही इंग्रजांकडून पकडलेल्या फोर्ड गाड्यांतून. म्हणजे इंग्रजांचेच फोर्ड वापरून त्याने इंग्रजांनाच चकवले. थोडे पेट्रोल वाटेत ठिकठिकाणी पुरून ठेवत गेला, तेव्हा जमले. असो.

आता कोणी म्हणेल की मग फोर-बाय-फोर वाईटच का? तसे नाही. १९४२ च्या उत्तरार्धात जीप आली आणि डेझर्ट ग्रुपनेही ती आनंदाने घेतली. तिलाही चारही चाकांना ताकद होती. फरक इतकाच की जीप मुळात हलकी. गस्तीच्या पुढे वाट शोधत जायचे काम तिचे, पंधरा-वीस दिवसांचा संसार ओढायचे काम शेव्हर्लेचे. आजच्या पिकअपमध्ये धातू चांगले झाले, इंजिने काटकसरी झाली, पुढची चाके हवी तेव्हाच जोडता येतात, त्यामुळे तो जुना तोटा बराच कमी झाला आहे. मी स्वतः मागच्याच चाकांवर चालणारी गाडी घेऊन वाळूत जाईन का? जाणार नाही.

पण इथल्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात गेलो की हसू येते. माणूस नवी कोरी पिकअप आणतो. पुढे पोलादी बंपर, त्यावर विंच, खाली पोलादी पत्रे, वर टपावर पोलादी रॅक, त्यावर तंबू, मागे दुसरी बॅटरी आणि फ्रीज. मग गाडी बसते. मग तो सस्पेन्शन वाढवायला येतो. मग मोठे टायर. मग ओढ कमी वाटते म्हणून क्राऊन-पिनियन. शेवटी पेट्रोलची टाकी लहान पडते म्हणून दुसरी टाकी. या सगळ्यात एकदाही कोणी पाना घेऊन काही उतरवत नाही. बॅग्नॉल्डची यादी हे लोक शेवटून वाचतात.

डब्ल्यूबी शेव्हर्लेंपैकी एक अजून बघायला मिळते. युद्धानंतर सुमारे चाळीस वर्षांनी ती लिबियाच्या वाळवंटात जिथे सोडली होती तिथेच सापडली आणि आता लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. तिचे नाव 'वायकाहा'. न्यूझीलंडच्या त्या गस्तीतल्या गाड्यांना डब्ल्यू अक्षराने सुरू होणारी माओरी नावे दिलेली होती, त्यांतलेच हे. संग्रहालयाने तिला रंग दिला नाही, ठोकून सरळ केले नाही. रंग वाळूने घासून गेलेला, दारे नाहीत, छप्पर नाही. छायाचित्रे आंतरजालावर सहज मिळतील. मिळाली की मागचे पाटे नीट बघा.